सड्यावरचा विक्रमवीर

आशिया खंडातले अव्वल प्राणी म्हटलं की टीव्हीवरची बोर्निओची नाहीतर सायबेरियाची जंगलं आठवतात. गोव्यातल्या माणसाला एवढं लांब जायची गरज नाही. सत्तरी तालुक्यात काजूच्या बागायतीत पहाटे जाणाऱ्या कुणालाही विचारा, बोंडू खायला कोण येतं ते.

गवा हा गाईगुरांच्या कुळातला सर्वांत उंच, धिप्पाड रानटी प्राणी. पूर्ण वाढलेला नर टनभर भरू शकतो. गोव्याचा राज्यप्राणी तोच. आपण त्याला गवोरेडो म्हणतो खरं, पण रेड्याशी त्याचं नातं लांबचं, गाईशी जवळचं.

नावानं फसवणारा दुसरा म्हणजे नागराज, किंग कोब्रा. जगातला सर्वांत लांब विषारी साप, पण खऱ्या नागांच्या गटात तो मोडतच नाही. मलायात १९३७ साली पकडलेला एक नागराज पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ५.७१ मीटर भरला. २०२४ साली शास्त्रज्ञांनी नागराजाच्या एकाच्या चार जाती केल्या आणि आपल्या पश्चिम घाटातल्याला त्याचं कन्नड नाव दिलं, कालिंग. मला मात्र लांबीपेक्षा मादीचा संसार थक्क करतो. सापांमध्ये असं पाल्याचं घरटं रचणारी हीच. हात नाहीत, चोच नाही. अंगाचा विळखा टाकून पालापाचोळा, बांबूची पानं ओढत ओढत ढीग करते, त्यात अंडी घालते आणि राखण करत बसते. पिल्लं बाहेर यायच्या सुमारास निघून जाते. तिचं अन्न म्हणजे दुसरे साप. पोटच्या पोरांवरच भूक जाऊ नये म्हणून, असं काहींचं म्हणणं.

सरपटणाऱ्यांत सर्वांत मोठी खाऱ्या पाण्यातली मगर. फिलिपिन्समध्ये २०११ साली पकडलेला ‘लोलाँग’ ६.१७ मीटरांचा होता, वजन हजार किलोंवर. आपल्या गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या खाडीत पाणी खारं, पण राहते ती गोड्या पाण्यातली मगर! बोरी-दुर्भाटकडचे लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात, ती ‘मानगें थापणी’.

हे सगळे टेपनं आणि काट्यावर मोजायचे विक्रम. माझ्या मते खरा विक्रमवीर जेमतेम साडेचार सेंटिमीटरांचा आहे, आणि पाऊस ओसरला की तो आपल्या डोक्यावरच थव्यांनी घिरट्या घालत असतो. पिवळसर अंगाचा चतुर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लावेसेन्स.

मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना एक कोडं पडलं होतं. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास तिथे लाखो चतुर उतरतात. चतुराची अंडी लागतात गोड्या पाण्यात, आणि त्या बेटांवर तळीओढे जवळपास नाहीतच. मग हे येतात कुठून? २००९ साली त्यांनी उत्तर मांडलं: भारतातून. हजार मीटरांहून उंच, मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन समुद्र ओलांडायचा, पुढे सेशेल्स आणि पूर्व आफ्रिका, आणि पावसाबरोबर परत. जाऊनयेऊन सुमारे १४,००० ते १८,००० किलोमीटर. मागचे पंख बुडाशी रुंद असल्यानं तो फडफड न करता तरंगतो. वाटेत हवेतले बारीक किडे खातो. त्याला खाणारेही वाटेत असतात. सायबेरियाकडून निघालेले अमूर ससाणे त्याच सुमारास, त्याच वाऱ्यावर अरबी समुद्र पार करतात. त्यांची शिदोरी हीच असावी, असा अँडरसन यांचा अंदाज.

हे सगळं पावसावर बेतलेलं असतं. सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळात साठलेलं डबकं चारदोन महिन्यांत आटतं, पण चतुराच्या अळीला पाच-सहा आठवडे पुरतात. जिथे पाऊस, तिथे अंडी. म्हणूनच हा फेरा एका जिवाचा नव्हे, साधारण चार पिढ्यांचा. ऑक्टोबरात इथून उडालेला चतुर परत येत नाही. पुढच्या मिरगाच्या ढगांबरोबर येतात त्याची पतवंडं.