चकाला पाना लावण्यापूर्वी : जुनी हातड्रिले व ब्रेस दुरुस्तीला पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक जुन्या हातड्रिलांच्या (दातेरी चाक हाताने फिरवून भोके पाडायच्या अवजारांच्या) चकावर, म्हणजे बिट (भोक पाडणारे टोक) पकडणाऱ्या पुढच्या भागावर, पाइप पान्याच्या दात्यांचे व्रण असतात आणि सोबतच्या चिठ्ठीतला मजकूरही साधारण ठरलेला असतो : "चक जाम होता, पाना लावून सोडवला, आता फिरतो; पण बिट डोलते." हे माहितीपत्रक मुख्यतः त्या पान्याविषयी आहे.

हातड्रिलच्या चकाचे बाहेरचे कवच पातळ असते आणि आतून ते शंकूसारखे निमुळते असते. कवच आवळले की तिन्ही जबडे त्या निमुळत्या भिंतीवरून सरकत एकमेकांजवळ येतात व बिट पकडतात. कवच सैल केले की जबड्यांमधल्या बारीक स्प्रिंगा त्यांना पुन्हा फाकवतात. पाइप पान्याचा गुण असा की जितका जोर लावावा तितका तो घट्ट चावतो. जाड नळीला ते चालते, पण या कवचाला तो दोन बाजूंनी दाबतो आणि ते किंचित लंबगोल होते. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. चकात सरळ सळई धरून चाक सावकाश फिरवले आणि सळईचे टोक एका जागी न राहता छोटेसे वर्तुळ काढू लागले, की मग लक्षात येते.

खेदाची गोष्ट अशी की यांतले बरेच चक मुळात जाम नसतातच. स्प्रिंगा तुटलेल्या किंवा गंजून गेलेल्या असल्या, की कवच हाताने उलटे फिरते, पण जबडे मिटलेलेच राहतात. अशा वेळी कवच थोडे सैल करून जबड्यांच्या मधल्या फटीत पातळ, बोथट सळई हलकेच आत ढकलून पाहावी. जबडे मागे सरकले तर दोष फक्त स्प्रिंगांचा आहे, आणि त्या आम्ही बारीक स्प्रिंग वायरपासून नव्या करून बसवतो. हे आमच्या कामांपैकी सर्वांत सोपे काम आहे. लंबगोल कवचासाठी मात्र तशाच दुसऱ्या निकामी ड्रिलची वाट पाहावी लागते, आणि मॉडेलचा क्रमांक जुळला म्हणून भाग जुळेलच असे नाही. मिलर्स फॉल्स या अमेरिकन कंपनीचे २ क्रमांकाचे हातड्रिल अनेक दशके बनत राहिले व त्या काळात त्याच्या रचनेत बदल होत गेले, त्यामुळे एका २ क्रमांकाचा चक दुसऱ्यावर बसत नाही, हा अनुभव आम्हाला वरचेवर येतो. "एवढ्याशा कामाला इतके आठवडे?" या प्रश्नाचे खरे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

चक खरोखरच गंजाने धरला असेल, तर त्यात गंज सोडवणारे तेल सोडून ड्रिल काही दिवस चक वर करून उभे ठेवावे व दररोज पुन्हा थेंबभर तेल द्यावे. नंतर हाताला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून कवच फिरवावे. तरीही ते हलले नाही, तर तिथेच थांबावे. मोठे चाक ओतीव लोखंडाचे असते. ते रोखण्यासाठी त्याच्या दात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून चकावर जोर केला तर दाता वाकत नाही, सरळ तुटतो.

ज्यांना अजून ड्रिल विकत घ्यायचे आहे, त्यांनी वरवरच्या गंजाला किंवा उडालेल्या रंगाला भिऊ नये. ते काम आमचे. मोठे चाक पूर्ण एक फेरा फिरवून सर्व दाते शाबूत आहेत ना, जबडे तीनही आहेत ना आणि हँडलची दांडी वाकलेली नाही ना, एवढे अवश्य पाहावे. ब्रेसच्या (वाकड्या दांडीची मूठ गोल फिरवून भोक पाडायच्या अवजाराच्या) बाबतीत रॅचेट, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने फिरू देणारी दातेरी कडी, दोन्ही दिशांना धरते का, हे तपासावे. ब्रेसवर सांगितलेले १० इंच हे मूठ ज्या वर्तुळात फिरते त्याच्या व्यासाचे माप आहे, लांबीचे नव्हे. विल्यम बार्बर यांच्या १८६४ च्या पेटंटवरून रूढ झालेला दोन जबड्यांचा चक चौकोनी, निमुळत्या शेपटीच्या गिरमिटांसाठी आहे. त्यात गोल दांड्याचे बिट घसरते आणि तो ब्रेसचा दोष नसतो.

आम्ही जुन्या ड्रिलवर नव्याने निकेलचा मुलामा चढवत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. मुलाम्यापूर्वी धातू घासून गुळगुळीत करावा लागतो आणि त्या घासण्यात कंपनीचे नाव, पेटंटची तारीख व कवचावरची खाचरी पकड पुसट होते. त्याऐवजी आम्ही गंज काढतो, बेअरिंग साफ करून ग्रीस भरतो, दात्यांमधली ढिलाई कमी करतो आणि मुठींना जवसाच्या तेलाचे पातळ हात देतो. चकचकीत ड्रिल हवे असणाऱ्यांना आमचे काम कदाचित पसंत पडणार नाही, परंतु रोज भोके पाडायची असणाऱ्यांकडून सहसा तक्रार येत नाही.

ड्रिल पाठवताना ते उघडू नये. आधीच उघडले असेल, तर सुटे जबडे व स्प्रिंगांचे तुकडेसुद्धा पुडीत बांधून सोबत द्यावेत. पाना लावून झाला असेल, तर तेही चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. फक्त पहिल्याच दिवशी सळई लावून कवच तपासता येते आणि दुसऱ्या ड्रिलचा शोध लवकर सुरू करता येतो.