पेंद्यापासून सुपरमॅनपर्यंत: खान्देशच्या पडद्यावरचा दुबळा नायक

खान्देशात कुणाला सिनेमा कसा वाटला असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच शिफारस ऐकू येते: "कॉमेडी बी शे, फायटिंग बी शे." विनोदी सिनेमा वेगळा आणि मारधाडीचा वेगळा, अशी वाटणी इथला प्रेक्षक करत नाही. त्याला एकच माणूस दोन्हीत हवा असतो. आधी सगळ्यांनी टिंगल केलेला, मार खाल्लेला, आणि शेवटी ज्याची जिंकायची पाळी येतेच असा. ही आवड मोबाईलनं लावलेली नाही. तिची मुळं सिनेमाच्याही आधीची आहेत.

तमाशाची गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो, पण लोक हसतात ते पेंद्याला. लंगडा, बोबडा, वेडावाकडा असा हा कृष्णाचा सवंगडी. गौळणींची म्होरकी मावशी त्याला उडवून लावायला बघते आणि तो एका बोबड्या वाक्यात तिलाच गप्प करतो. पुढे वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, हीच जागा सोंगाड्या घेतो. राजा, प्रधान, पाटील यांच्यापुढे तो असतो शिपाई नाहीतर हुजऱ्या, पण टाळ्या त्याच्या. राजाची तलवार खोटी असते हे सगळ्या तंबूला ठाऊक असतं, सोंगाड्याची जीभ मात्र खरी असते. दुबळ्यानं बोलून जिंकायचं, हा धडा खान्देशातल्या जत्रांनी पिढ्यानपिढ्या गिरवून घेतला.

या करमणुकीला पैसे मोजणारा प्रेक्षक गेल्या शतकात वाढत गेला. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगाव इथल्या कापडगिरण्या आणि भुसावळची रेल्वे, म्हणजे पगाराचा दिवस ठरलेली माणसं. शहरांत टॉकीज उभ्या राहिल्या आणि खेड्यांकडे जत्रेच्या निमित्तानं तंबूतला सिनेमा गेला. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. अशा जत्रांत एका बाजूला तमाशाची राहुटी आणि दुसऱ्या बाजूला सिनेमाचा तंबू लागायचा. दोन्हींचं गिऱ्हाईक एकच होतं. म्हणून राहुटीतली सवय तंबूत गेली. पडद्यावरच्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं, "आते दे त्याले!" म्हणून त्याला चेतवायचं. शहरातल्या बाल्कनीला हा गोंगाट वाटतो. मला तरी तो सिनेमाचाच भाग वाटत आला आहे.

१९७१ साली आलेल्या 'सोंगाड्या'नं तमाशातला हा गडी थेट नायक केला. वसंत सबनीसांचं लेखन, गोविंद कुलकर्णींचं दिग्दर्शन, आणि ढगळ हाफ पँटमधला, लोंबत्या नाडीचा दादा कोंडके. दादांच्या द्वयर्थी संवादांवर इतकं लिहून झालंय की त्यांच्या अंगातला भित्रेपणा कुणी फारसा पाहत नाही. त्यांचा नायक शूर नसतोच. तो संकटात पुढं जातो ते त्याला संकट कळलेलंच नसतं म्हणून. नंतरच्या सिनेमांत दादा स्वतःच स्वतःवर खूश झालेले दिसतात आणि तिथं माझं मन लागत नाही, पण हा पहिला नाम्या पेंद्याचा सख्खा वारस आहे. त्याच दशकात हिंदीत चिडलेला तरुण आला. 'जंजीर' १९७३ चा, 'शोले' १९७५ चा. खान्देशच्या थिएटरांत एका आठवड्यात दादा आणि पुढच्या आठवड्यात अमिताभ, आणि पुढच्या बाकांवर तीच पोरं.

खरा बदल केला व्हिडिओनं. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर. गावात वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी रात्रभरासाठी भाड्यानं आणल्या जात. त्या लावण्याचा क्रमही विचारपूर्वक असे. बायाबापड्या जाग्या असताना देवाधर्माचा किंवा घरगुती, मग विनोदी, आणि मध्यरात्रीनंतर पेंग यायला लागली की मारधाड. लाईट गेली तर लोक घरी जात नसत. अंधारात बसून मघाच्या फायटिंगवर वाद घालत. शहरात व्हिडिओ पार्लर निघाले, आणि तिथं हाँगकाँग खान्देशात उतरलं.

ब्रूस ली सगळ्यांना आवडला, पण तो पहिल्यापासूनच अजिंक्य. जॅकी चॅन आपला वाटला. १९७८ च्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये तो उनाड पोरगा आहे, मार खातो, पळून जातो, गुरू त्याला रडवतो. पुढच्या सिनेमांत तो खुर्ची, शिडी, बाकडं, हाताला लागेल ते घेऊन लढतो आणि ठोसा मारल्यावर स्वतःचाच हात झटकतो. हात झटकण्याची ती एक कृती मला शंभर ठोशांपेक्षा मोलाची वाटते. लागलं, हे तो कबूल करतो. त्याच्या कित्येक सिनेमांच्या शेवटी नावं सरकत असताना चुकलेल्या उड्या आणि खरी दुखापत दाखवलेली असते. भाषा न कळताही पार्लरमधल्या प्रेक्षकाला हे कळत होतं. पेंद्या आता नुसता बोलत नव्हता, मारतही होता.

मराठीत हे मिश्रण महेश कोठारेंनी जमवलं. १९९३ च्या 'झपाटलेला'त लक्ष्मीकांत बेर्डे घाबरट आणि इन्स्पेक्टर महेश जाधव बंदूकवाला, अशी कामाची वाटणीच होती. लक्षात कोण राहिलं हे सांगायला नको.

आता मालेगाव. आज ते नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ ला नाशिक जिल्हा झाला तोवर खान्देशातच होतं. बोली, बाजार आणि सोयरिकी पाहिल्या तर कसमादेचा (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) हा टापू अजूनही अर्धा इकडचाच. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी इथल्याच दोस्तांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, साल २०००. क्रेनच्या जागी बैलगाडी, ट्रॉलीच्या जागी सायकल. पडद्यावरही डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर. पैसा नव्हता म्हणून हे झालं हे खरं, पण केवळ म्हणून नव्हे. घोड्याच्या जागी सायकल आली की गब्बरचा दरारा जातो आणि डाकू तुमच्या गल्लीतला होतो. ही विनोदाची जाण आहे, गरिबी नव्हे. बाहेरून येणारे लेखक या सिनेमांना 'निरागस' म्हणतात तेव्हा मला चीड येते. नासिर काय करतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हसू गरिबावर नव्हतं, मोठ्या सिनेमाच्या थाटावर होतं.

फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटानं ही मंडळी जगापुढं आणली. त्यात नासिर यांच्या नव्या सिनेमासाठी शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण सुपरमॅन झालेला दिसतो. त्याला उडवण्यासाठी चाललेल्या खटपटी, चित्रीकरणाच्या मध्येच उरकलेलं त्याचं लग्न, पाण्यात पडलेला कॅमेरा. या सुपरमॅनचा शत्रू कोण, तर तंबाखू. शफीक २०११ साली कर्करोगानं गेला. हे माहीत झाल्यापासून त्या सिनेमातल्या काही विनोदांना मी हसू शकत नाही, आणि तरी तो माहितीपट पुन्हा पुन्हा लावतो.

केबल आणि डिशबरोबर हिंदीत डब केलेले दाक्षिणात्य सिनेमे आले आणि दुपारच्या वेळा त्यांनी बळकावल्या. इथं माझं इतरांशी जमत नाही. १९९५ च्या 'बाशा'त रजनीकांत रिक्षावाला म्हणून मार सोसतो, पण तो मुळात डॉन असतो. रजनीचा दरारा खरा, म्हणून ते खपून गेलं. त्याची नक्कल करणाऱ्यांनी मात्र ठरावीक साचा करून टाकला: मध्यंतरापर्यंत गरीब गाय, मध्यंतरानंतर वीस जण हवेत. हा नायक दुबळा कधी नव्हताच, त्यानं सोंग घेतलं होतं. सोंगाड्याचं सोंग उलटं असतं.

मोबाईल स्वस्त झाला, डेटा स्वस्त झाला आणि दहा-पंधरा मिनिटांचे खान्देशी कॉमेडी व्हिडिओ कोट्यवधी लोकांपर्यंत गेले. छोटू दादा हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. ठेंगणा माणूस, मोठी दादागिरी, रस्त्यावरची पळापळ, शेवटी मार. यातले काही व्हिडिओ नुसत्या उंचीवर हसवतात आणि ते मी अर्ध्यात बंद करतो. काहींत मात्र तो गल्लीतल्या धटिंगणांना एका वाक्यात गार करतो, आणि तिथं गवळणीचीच लय ऐकू येते.

२०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरांत लागला. आता नासिर आणि त्यांचे दोस्तच नायक झाले होते. काम चांगलं झालंय, अभिनय तर फारच. पण "फायटिंग कथी शे?" असं मागच्या रांगेतून कुणी विचारलं असतं, तर मीही त्याच्या बाजूनं बोललो असतो.