मॉनिटर जुना झालाय? आमच्याकडे आणण्याआधी एवढं करून बघा

मॉनिटर घेऊन येणाऱ्या ग्राहकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "स्क्रीन गेली." गेली म्हणजे काय झालं, हे विचारलं की हळूहळू उलगडा होतो. कुणाचा मॉनिटर सकाळी उजेड द्यायला दहा मिनिटं लावतो. कुणाला पांढरा कागद पिवळा दिसतो. कुणाच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उभी असते, तर कुणाचा मॉनिटर ठार काळा, फक्त खालचा दिवा लुकलुकतोय. या चारही तक्रारींचं मूळ वेगवेगळ्या ठिकाणी असतं, आणि कित्येकदा ते मॉनिटरमध्ये नसतंच. तेव्हा एवढं जड धूड उचलून आणण्याआधी घरी किंवा ऑफिसात काय बघता येईल, ते इथे लिहिलं आहे. यातल्या कशालाही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

मॉनिटरला एकटं सोडा

मॉनिटर चालू ठेवा आणि कॉम्प्युटरकडून येणारी केबल मॉनिटरच्या बाजूने काढा. वीज तशीच राहू द्या. धडधाकट मॉनिटर लगेच "सिग्नल नाही" किंवा "केबल तपासा" असा काहीतरी निरोप दाखवतो. काहींवर तो चौकोन स्क्रीनभर फिरत राहतो. थोड्याच सेकंदांत मॉनिटर झोपी जातो, म्हणून केबल काढताना नजर स्क्रीनवरच असू द्या. निरोप स्वच्छ दिसला तर वीज आणि आतला उजेड दोन्ही ठीक आहेत. संशय आता केबलवर आणि कॉम्प्युटरवर.

केबल परत लावून मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा, म्हणजे ब्राइटनेस बदलायला आपण उघडतो तो. हा मेनू कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर तो आपला आपण काढतो. त्यामुळे रेघ किंवा रंगाचा डाग मेनूच्या अंगावरूनही जात असेल तर दोष मॉनिटरचा. मेनू नितळ आणि मागचं चित्र तेवढं बिघडलेलं असेल तर मॉनिटरला उगाच बोल लावू नका.

तिसरी गोष्ट, स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर उघडून बघा. स्क्रीनशॉट हे चित्र केबलमध्ये शिरण्याआधीचं असतं. बिघाड त्यातही उमटला असेल तर तो कॉम्प्युटरच्या आतला आहे, बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे चित्र तयार करणारा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. लोक मॉनिटरचा मोबाइलने फोटो काढून आम्हाला पाठवतात. त्याचाही उपयोग होतो, पण या तपासणीसाठी तो चालत नाही.

केबलची गंमत

एकदा एक मॉनिटर आला, "रंग उडालेत" म्हणून. पांढऱ्याच्या जागी लिंबासारखा पिवळा, निळं आकाश जवळजवळ काळं. ग्राहकाने नवा मॉनिटर घ्यायचं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. आम्ही केबलचं टोक उजेडात धरलं. व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या केबलच्या निळ्या प्लगमध्ये पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात; वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग वाहतात. त्यातली तिसरी पिन आडवी होऊन प्लगच्या तळाला चिकटली होती. निळा पोचतच नव्हता, म्हणून लाल आणि हिरवा मिळून पिवळा. आतलं शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकाच्या धातूच्या नळीत ती पिन अडकवली, सावकाश उभी केली, आणि आकाश परत निळं झालं. हे तुम्हीही करू शकता, फक्त घाई नको. पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. आणि मधल्या ओळीत एखादी पिन मुळातच नसेल तर घाबरू नका. नववी पिन बऱ्याच केबलींमध्ये दिलेलीच नसते.

व्हीजीए १९८७ सालचं आहे आणि आता नव्या कॉम्प्युटरवर ते सहसा मिळत नाही. जुना मॉनिटर नव्या कॉम्प्युटरला जोडायचा तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो घेताना दिशा बघा. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय हे नव्या जोडण्यांचे दोन प्रकार; डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारा साधा कन्व्हर्टर उलट लावून चालत नाही, आणि अशा चुकीच्या दिशेच्या कन्व्हर्टरपायी "मॉनिटर बंद" ठरवलेले ग्राहक आम्ही पाहिलेत. डिस्प्लेपोर्टच्या प्लगला बऱ्याचदा खटका असतो. तो दाबूनच प्लग काढा, नाहीतर मॉनिटरच्या आतलं सॉकेट सैल होतं.

मॉनिटरवर इनपुट कोणतं निवडलं आहे, तेही एकदा बघा. हे लिहायला आम्हालाच संकोच वाटतो, पण केबल एचडीएमआयची आणि मेनूत निवड डिस्प्लेपोर्टची, हा प्रकार नेहमीचा आहे. "रेंजच्या बाहेर" असा निरोप आला तर मॉनिटर ठीक आहे. कॉम्प्युटर त्याला झेपणार नाही असं रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) किंवा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं) पाठवतोय. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी साध्या सेटिंगवर, सुरू करून सेटिंग खाली आणा.

सकाळी उशिरा उठणारा मॉनिटर

बटण दाबलं की दिवा लागतो, स्क्रीन क्षणभर उजळते आणि मिटते. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा झाल्यावर एकदाचा सुरू होतो आणि मग दिवसभर तक्रार नाही. काही ग्राहक म्हणूनच मॉनिटर कधी बंदच करत नाहीत. वीज गेली की मात्र गाडी अडते.

हे दुखणं पॉवर सप्लायच्या बोर्डवरच्या कपॅसिटरचं असतं. ते वीज साठवणारे, बोटाच्या पेराएवढे, अॅल्युमिनियमचे छोटे डबे. वरचा माथा सपाट असायला हवा. बिघडलेल्याचा माथा फुगून घुमटासारखा होतो, कधी त्यातून तपकिरी चिकट द्रव वर येऊन वाळलेला दिसतो. आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो. थंड असताना अशा कपॅसिटरचा अंतर्गत रोध सगळ्यात जास्त असतो, म्हणून सकाळी त्रास आणि गरम झाल्यावर आराम. २००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर विकले गेले आणि तेव्हाचे असंख्य मॉनिटर व मदरबोर्ड त्यानेच गेले.

ही दुरुस्ती आम्ही आनंदाने करतो, कारण ती टिकते. एकच फुगलेला बदलून देत नाही. त्याच्या शेजारचे, त्याच वयाचे सगळे बदलतो आणि १०५ अंश सेल्सिअसला टिकणारे बसवतो. पण मागचं झाकण तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जोरदार धक्का देण्याइतका चार्ज उरतो.

तुमच्या मॉनिटरला बाहेरचा अडॅप्टर असेल तर बोर्डाआधी तो तपासा. बदली अडॅप्टर लावताना व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत आणि पिनची धन-ऋण बाजूही. अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तर चालतात. १२ व्होल्टच्या मॉनिटरला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर प्लग बसतो म्हणून लावला, की मग बहुधा आमच्याही हातात काही उरत नाही.

काळी स्क्रीन, पण आत चित्र

खोलीत अंधार करा, मॉनिटर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवा, आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा. पुसटसं का होईना पण चित्र दिसलं, एखादा आयकॉन किंवा माउसचा बाण ओळखू आला, तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटणारा पडदा, जिवंत आहे आणि फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे.

साधारण २०१० च्या आधीच्या बहुतेक मॉनिटरमध्ये हा उजेड पेन्सिलपेक्षा बारीक फ्लुरोसंट नळ्या देतात, नंतरच्यांत एलईडीच्या पट्ट्या. नळ्या म्हाताऱ्या झाल्या की उजेड पिवळट किंवा गुलाबी होतो आणि पूर्ण उजळायला काही मिनिटं घेतो. मेनूतून रंग कितीही सारखे करा, थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. या नळ्यांत थोडा पारा असतो, म्हणून असा मॉनिटर फोडू नका आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तो ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

रेघा

उभी रेघ, एका बाजूची पट्टीच गायब, किंवा कडेला बोटाने दाबलं की रेघ जाते आणि सोडलं की परत येते. या दुखण्यावर पैसे घालू नका. पॅनेलच्या काचेच्या कडेला केसाहून बारीक जोडण्यांनी चिकटवलेली लवचिक पट्टी सुटत आलेली असते. ती जोडायला कारखान्यातलं यंत्र लागतं, आणि नवं पॅनेल नव्या मॉनिटरच्या जवळपास जातं. कडेला कागदाची घडी खोचून दाब देण्याचा उपाय काही दिवस चालतो खरा, पण त्याच दाबाने शेजारच्या रेघाही सुटतात.

एखादाच ठिपका काळा किंवा रंगीत अडकलेला असेल तर तो वाढेलच असं नाही. वॉरंटीत साधारणपणे ठरावीक संख्येपर्यंतचे असे ठिपके दोष धरले जात नाहीत. अटी वाचून मगच भांडायला जा.

मग नवा घ्यायचा का?

आमचा हिशेब सरळ आहे. पॉवरचा दोष असेल तर दुरुस्ती, पॅनेलचा असेल तर नवा. बॅकलाइटच्या बाबतीत मॉनिटर किती चांगला होता यावर ठरवतो. रंगाच्या कामासाठी घेतलेला भारी मॉनिटर असेल तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे, साध्या मॉनिटरला नाही.

नवा घेताना फसगत मापात होते. जुना १९ इंची, जवळजवळ चौकोनी मॉनिटर वापरणारे ग्राहक २२ इंची रुंद मॉनिटर घेतात आणि आठवड्याने म्हणतात, "पान छोटं दिसतं." बरोबरच आहे. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. ५:४ आकाराच्या १९ इंची स्क्रीनची उंची सुमारे ११.९ इंच, तर १६:९ च्या २२ इंचीची सुमारे १०.८. तेवढीच उंची हवी तर २४ इंची घ्यावा लागतो, त्याची ११.८ भरते.

दुसरी फसगत ठिपक्यांची. १९२० बाय १०८० ठिपके २४ इंचात इंचाला सुमारे ९२ पडतात. तेच २७ इंचात पसरले की ८२ होतात आणि अक्षरांच्या कडा खडबडीत दिसू लागतात. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने २७ इंची घ्यायचा तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, त्यात सुमारे १०९ येतात. त्याआधी आपल्या कॉम्प्युटरला तेवढं पाठवता येतं का ते बघा. उदाहरणार्थ, एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीवर फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६० चं, चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो.

ठिपके किती मिलिसेकंदांत रंग बदलतात, या वेगाची जाहिरात खेळ खेळणाऱ्यांसाठी असते. बाकीच्यांनी त्याऐवजी स्टँड वर-खाली होतो का ते पाहावं. तो होत नसला तरी मागे १०० बाय १०० मिलिमीटरवर चार स्क्रूची भोकं असली तर पुढे हवा तो आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता दांडा, लावता येतो.

घेऊन येताना

स्क्रीनची बाजू मऊ चादरीत गुंडाळा आणि गाडीत मॉनिटर उभा ठेवा. आडवा ठेवून त्यावर पिशवी ठेवू नका. येण्याआधी स्क्रीन चकचकीत करायची गरज नाही, आणि काच पुसायचा स्प्रे तर मुळीच मारू नका. त्याने वरचा थर जातो, आणि खाली ओघळलेला थेंब थेट कडेच्या जोडण्यांत शिरतो. बिघाड कधीतरीच दिसत असेल तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून आणा, कारण आमच्या टेबलावर असे मॉनिटर हमखास शहाण्यासारखे वागतात. सोबत केबल आणि अडॅप्टर, दोन्ही तुमचेच, जसे लावलेले होते तसेच.