दुरुस्ती की बदल? माजी सैनिकांच्या सेवानोंदींतील चुकांची पार्श्वभूमी

पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, एक नाव, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकात तिसरेच. साताऱ्याकडच्या किंवा कोल्हापूरकडच्या सैनिक कल्याण कार्यालयात सकाळी दोन तास बसले तरी अशी चार प्रकरणे कानावर पडतात. पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून त्यांची गर्दी वाढली आहे. चुका मात्र त्याआधीच्या, बऱ्याचशा तर टाइपरायटरच्या काळातल्या.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. इंग्रजांच्या काळात भरतीच्या रांगेतल्या पोराचे वय डॉक्टर अंगकाठीवरून ठरवायचा आणि तेच कागदावर चढायचे. स्वातंत्र्यानंतर शाळेचा दाखला आला, पण आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेला. एका गावातून भरती झालेल्या चार मित्रांचा वाढदिवस एकाच दिवशी, हे युनिटमधल्या इतर प्रांतांच्या जवानांना कोडे वाटायचे.

नोंद बिघडण्याची खरी जागा म्हणजे नकल. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की युनिट 'पार्ट टू ऑर्डर' नावाचा नोंदीचा आदेश काढते. तिच्यावरून रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांच्या नोंदी सांभाळणारे कार्यालय, सेवापुस्तिकेत नोंद घेते आणि निवृत्तीच्या वेळी त्या नोंदीवरून प्रयागराजला पीपीओ तयार होतो. दर टप्प्याला नवा माणूस, आणि सगळे इंग्रजीत. जवान मराठी, क्लार्क बहुधा दुसऱ्या मुलखातला. 'विठ्ठल'मध्ये 'टी' एक की दोन, 'शकुंतला'त 'एच' येतो की नाही, 'जाधव'च्या शेवटी 'व्ही' की 'ओ', हे त्याने कानाला लागेल तसे ठरवले. वडिलांचे नाव मधे घालायची आपली रीतही त्या रकान्यांत नीट बसत नाही. कुठे ते गळाले, कुठे आडनाव पुढे आले. आर्मी नंबराच्या शेवटी एक अक्षर असते, ते आधीचे आकडे बरोबर उतरले की नाही हे ताडण्यासाठीच. नावाला तसली काही सोय नाही.

आता मुख्य गुंता. नियमांच्या भाषेत 'लेखनिकी चूक' वेगळी आणि 'नोंदीत बदल' वेगळा. मूळ कागदावर एक आणि नकलेत दुसरे असेल तर ती चूक. रेकॉर्ड ऑफिसने ती आपणहून दुरुस्त करावी अशी अपेक्षा. मूळ कागदावरच ते तसे असेल तर तुम्ही बदल मागताय, आणि मग मुदत, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात सगळे आले. पण मूळ कागद कोणता, यावर सगळे अडते.

याचे देशभर गाजलेले उदाहरण एका लष्करप्रमुखांचेच, जनरल व्ही. के. सिंह यांचे आहे. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर त्यांची जन्मतारीख १० मे १९५१. एनडीएसाठी यूपीएससीला दिलेल्या अर्जावर १० मे १९५०. पुढची कित्येक वर्षे लष्कराच्या एका शाखेत १९५१ आणि दुसऱ्या शाखेत १९५० अशा दोन्ही तारखा सुखाने नांदल्या. नोंदी राखण्याचे अधिकृत काम ज्या शाखेचे, तिच्याकडे १९५१ होते. बढत्यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या शाखेकडे १९५०, आणि बढत्या त्यावरूनच झाल्या. सरकारचे म्हणणे असे की अधिकाऱ्याने जन्मतारीख कमिशन मिळाल्यापासून, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यापासून, दोन वर्षांत दुरुस्त करून घ्यायची असते. अधिकाऱ्याचे म्हणणे, मला बदल नकोच आहे. तुमच्याच दोन वह्यांतली बरोबर कोणती ते सांगा. माझ्या मते प्रश्न अगदी योग्य होता. पण १९५० मान्य असल्याची त्यांची मधल्या काळातली पत्रे फायलीत होती आणि तीच आडवी आली. ३० डिसेंबर २०११ ला सरकारने त्यांची तक्रार फेटाळली, तेव्हा ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळण्याच्या पद्धतीवर बोट ठेवल्यावर १० फेब्रुवारी २०१२ ला सरकारने तो आदेश मागे घेतला. त्याच दिवशी न्यायालयाने स्पष्ट केले की वाद खऱ्या जन्मतारखेचा नसून नोंदीतल्या तारखेचा आहे. याचिका मागे घेतली गेली आणि मे अखेर लष्करप्रमुख निवृत्त झाले.

खरी तारीख आणि नोंदीतली तारीख यांची ही फारकत शिपायालाही चुकत नाही. शिपायाच्या निवृत्तीला जन्मतारखेचा फारसा संबंध नसतो. सेवाकाळ भरला की बहुतेक जण चाळिशीच्या आतच घरी येतात. तारखेला किंमत येते ती ऐंशीव्या वर्षी. सहाव्या वेतन आयोगानंतर ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात आणि पुढे दर पाच वर्षांनी टक्का चढतो. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू. पण जुन्या पीपीओंत पत्नीची जन्मतारीख अनेकदा नाहीच, काहींत तर तिचे नावही नाही. जी बाई शाळेतच गेली नाही, तिने ऐंशी वर्षे कशावरून सिद्ध करायची?

२०१४ पासून लागू झालेल्या 'वन रँक वन पेन्शन'ने (सारखा हुद्दा आणि सेवाकाळ, सारखी पेन्शन) आणखी तीन रकाने ऐरणीवर आणले: हुद्दा, ग्रुप (जवानाच्या कामाची वर्गवारी) आणि पात्र सेवाकाळ. पेन्शनच्या तक्त्यात सेवेचे अर्धे वर्ष कमी दिसले तरी आकडा बदलतो. तोवर डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेची पुस्तिका, ट्रंकेत तळाला पडलेले असायचे. त्यानंतर ते घरोघर बाहेर निघाले.

महाराष्ट्रातला सर्वांत चिवट प्रकार पत्नीच्या नावाचा. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पहिले नावही बदलायची रीत होती. सुट्टीवर लग्न करून परतलेल्या जवानाने युनिटमध्ये माहेरचे नाव सांगितले, किंवा घरात हाक मारतात ते, आणि पार्ट टू ऑर्डर तशीच निघाली. मतदार यादीत आणि आधारवर सासरचे नाव, शेवटी 'बाई' लावून. दोन्ही नावे खरी, बाई एकच. यात क्लार्कने काय चुकवले? काहीच नाही, म्हणून ही 'लेखनिकी चूक' नव्हे, असे उत्तर येते. नवरा हयात असेल तर त्याच्या सहीने काम होते. नंतर मात्र ग्रामपंचायतीचा दाखला, 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असे प्रतिज्ञापत्र आणि रेकॉर्ड ऑफिसमार्फत कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्त, पीपीओची वाट पाहणे, हे सगळे त्या बाईच्या वाट्याला.

पेन्शन न मिळता घरी आलेल्यांची गोष्ट याहून अवघड. त्यांची कागदपत्रे लष्करी नियमांप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करता येतात, आणि मग पडताळायला मूळच उरत नाही. २००७ च्या कायद्याने आलेले सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ पासून चालू आहे, मुंबईतही त्याचे खंडपीठ बसते. पण नष्ट झालेला कागद तेही परत आणू शकत नाही.

'स्पर्श'मध्ये आता पेन्शनरनेच आपली माहिती पडताळून द्यायची असते. पूर्वी बँकेतला ओळखीचा कॅशियर 'विठाबाई' आणि 'विठा' एकच समजून पैसे हातावर ठेवायचा. संगणकाला तशी ओळख नाही.