बोन ओदोरी

बोन ओदोरी : जपानमध्ये ‘बोन’ या पितरांच्या सणात घोळक्याने, बहुधा वर्तुळ करून, केले जाणारे नृत्य. ‘ओदोरी’ म्हणजे नाच. ‘बोन’ला आदराने ‘ओबोन’ही म्हणतात. देवळाचे आवार, गावाचा चौक, नदीकाठची मोकळी जागा ही त्याची जुनी ठिकाणे. गेल्या शतकात ते शहरांतील उद्यानांत आले. जपानबाहेरच्या अनेक शहरांत जपानी संस्कृतीचा म्हणून जो उद्यानोत्सव भरतो, त्याचा गाभाही बहुतेकदा हेच नृत्य असते. कंदील, सुती किमोनो, ढोल आणि खाण्यापिण्याची पाले यांमुळे त्याचे रूप जत्रेचे दिसते. मूळ मात्र मेलेल्या माणसांना घरी बोलावून, जेवू घालून, परत पोचवण्याच्या विधीत आहे. उद्यानात उभे राहून पाहणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच निसटते, म्हणून ते आधी सांगितले.

काळ : जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे बोनची तिथी सातव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे बहुधा आपल्याकडील श्रावणी पौर्णिमेच्या आसपास. १ जानेवारी १८७३ पासून जपानने ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि या तिथीला तीन फाटे फुटले. तोक्यो व काही शहरे १३ ते १६ जुलै पाळतात. देशाच्या मोठ्या भागात महिनाभर उशिराने, १३ ते १६ ऑगस्टला बोन असतो. ओकिनावात जुनी तिथीच चालते. खान्देशात घरोघर कानबाईचे रोट होतात ते साधारण हेच, ऑगस्टचे दिवस. शहरात नोकरीला गेलेली माणसे या वेळी मूळ गावी परततात आणि गाड्यांना अतोनात गर्दी होते.

घरातील विधी : नृत्य समजण्यासाठी घरात काय चालते हे ठाऊक असावे लागते. पहिल्या संध्याकाळी दारात ‘मुकाएबी’, म्हणजे स्वागताचा विस्तव पेटवतात. त्यासाठी तंतू सोलून घेतलेल्या अंबाडीसारख्या एका झाडाच्या (हेंप) वाळक्या काड्या वापरतात. दिसायला त्या आपल्या सणकाड्यांसारख्या. शेवटच्या संध्याकाळी तसाच ‘ओकुरिबी’, निरोपाचा विस्तव. पितरांच्या वाहनासाठी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करतात. भाजीला काड्यांचे चार पाय टोचले की जनावर तयार. येताना पितरांनी घोड्यावरून लवकर यावे आणि जाताना गायीवरून रमतगमत जावे, अशी त्यामागची समजूत. भरताच्या वांग्यासाठी ज्याची ओळख, त्या जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला वांगे पितरांच्या कामी आलेले पाहून आपलेपणा वाटेल. जपानमधील वांगी लांबट आणि गडद जांभळी असतात; पऱ्हाटीच्या जाळावर भाजायच्या आपल्या हिरव्या वांग्यांपेक्षा वेगळी.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, त्याच्या पहिल्या बोनला ‘हात्सुबोन’ म्हणतात आणि तो विशेष श्रद्धेने करतात.

मृत्यूची आठवण आणि नाच एकाच दिवशी कसे, हा प्रश्न परक्या पाहुण्याला पडतो. खान्देशात तो पडू नये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपल्याकडे नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर, आंबे, सांजोऱ्या ठेवतात, उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवताना एकेका पितराचे नाव घेतात, आगारी टाकतात. आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात. कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही.

व्युत्पत्ती : ‘बोन’ हे ‘उराबोन’ या शब्दाचे संक्षिप्त रूप. ‘उराबोन’ हा चिनी ‘यूलानपेन’चा जपानी उच्चार. चिनी शब्द तीन चित्रलिपी-अक्षरांचा असून पहिल्या दोहोंना येथे स्वतंत्र अर्थ नाही. ती कोणत्या तरी परभाषेतील ध्वनी लिहिण्यासाठी वापरली आहेत, यावर एकमत आहे. तो मूळ शब्द कोणता, यावर मात्र तेराशे वर्षे वाद आहे.

पारंपरिक मत सातव्या शतकातील चिनी भिक्षू श्वानयिंग याच्या शब्दकोशावर आधारलेले आहे. त्याच्या मते तीनही अक्षरे मिळून एक संस्कृत शब्द होतो आणि त्याचा अर्थ ‘उलटे टांगलेले’. आधुनिक अभ्यासकांनी त्यावरून ‘उल्लम्बन’ हे रूप सिद्ध केले. काहींनी ‘अवलम्बन’ सुचवले. नरकात उलटे लोंबणाऱ्या जीवांची सुटका, असा अर्थ मग सणाला जोडला गेला आणि अनेक कोशांत तोच आजही छापला जातो. अडचण अशी की, या अर्थाने हा शब्द सणाचे किंवा विधीचे नाव म्हणून भारतीय बौद्ध वाङ्मयात आढळत नाही.

दुसरे मत जपानी संस्कृतज्ञ इवामोतो युताका यांचे. त्यांनी ‘आत्मा’ या अर्थाच्या प्राचीन इराणी ‘उर्वन्’ शब्दाशी संबंध जोडला. मध्य आशियातील सोग्दी व्यापारी चीनमध्ये वसले होते आणि इराणी परंपरेत वर्षाच्या अखेरीस पितरांच्या आत्म्यांचे स्वागत करण्याचे दिवस आहेत. पारशी समाजातील मुक्ताद हे त्यांचेच रूप. कल्पना आकर्षक आहे, पण सणांचे साम्य हा शब्दाच्या प्रवासाचा पुरावा ठरत नाही.

तिसरे मत सेइशी काराशिमा यांनी २०१३ मध्ये मांडले. त्यांच्या मते तिसरे अक्षर ‘पेन’ हे ध्वनी दाखवण्यासाठी आलेलेच नाही. त्याचा नेहमीचा चिनी अर्थ, ‘पसरट भांडे’, हाच येथे अभिप्रेत आहे. उरलेले ‘यूलान’ म्हणजे संस्कृत ‘ओदन’ (शिजवलेला भात) या शब्दाचे प्राकृत रूप, ज्यात ‘द’चा ‘ल’ झाला आहे. एकूण अर्थ : भाताचे भांडे. ‘द’चा ‘ल’ होणे मराठी वाचकाला नवे नाही. संस्कृत ‘दोहद’ प्राकृतात ‘दोहल’ झाले आणि त्यापासून आपले ‘डोहाळे’ आले.

या मताच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा खुद्द सूत्रातच, म्हणजे ज्या बौद्ध ग्रंथावर हा सण आधारलेला आहे त्यातच, आहे. बुद्ध तेथे सांगतात की, शंभर चवींचे अन्नपेय ‘यूलानपेनमध्ये ठेवून’ भिक्षुसंघाला द्यावे. अन्न ज्यात ठेवायचे ते भांडे असणार. ‘उलटे टांगणे’ या अर्थाने हे वाक्य लागत नाही. वाद पूर्ण मिटलेला नाही, तरी पुराव्याचे पारडे सध्या काराशिमांकडे झुकते. पितरांच्या नावाने भरलेले भांडे हे सणाचे नावच असावे, हे आखाजीची घागर भरणाऱ्याला सहज पटण्यासारखे आहे.

सूत्रातील कथा : बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन (पाली महामोग्गलान, जपानी ‘मोकुरेन’) यांना दिव्यदृष्टीने आपली मृत आई प्रेतयोनीत उपाशी दिसते. ते तिला भात देतात, पण घास तोंडाशी जाताच त्याचे निखारे होतात. बुद्ध सांगतात की, एकट्याच्या बळावर हे होणार नाही. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, भिक्षूंचा वर्षावास (पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) संपून प्रवारणा हा समारोपाचा विधी होतो त्या दिवशी, साऱ्या संघाला अन्नदान कर. तसे करताच आईची सुटका होते. महाराष्ट्रातील बौद्ध समाजात वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत पाळतात. चिनी परंपरेत तो आधी सुरू होऊन आधी संपतो, त्यामुळे महिन्यांत हा फरक पडतो.

सूत्राचे चिनी भाषांतर तिसऱ्या-चौथ्या शतकातील धर्मरक्ष याच्या नावावर सांगितले जाते, पण हे कर्तृत्व बऱ्याच अभ्यासकांना मान्य नाही. मूळ संस्कृत प्रत मिळालेली नाही आणि संहिता चीनमध्येच रचली गेली असावी, असे मत प्रबळ आहे. प्रेतयोनीची कल्पना मात्र निश्चित भारतीय. जीवाच्या निरनिराळ्या गती दाखवणारे भवचक्र खान्देशच्या वेशीवर, अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत रंगवलेले आहे. आज त्याचा बराच भाग गळून गेला आहे.

जपानमधील नोंदी ‘निहोन शोकी’ या इतिवृत्तात मिळतात. इ. स. ६०६ पासून मंदिरांत सातव्या महिन्याच्या १५ व्या दिवशी भोजन देण्याची प्रथा सुरू झाल्याचे त्यात म्हटले आहे, तर ६५७ मध्ये आसुका मंदिराच्या पश्चिमेस सुमेरू पर्वताची प्रतिकृती उभारून उराबोनचा विधी केल्याची स्पष्ट नोंद आहे. या दोन्ही ठिकाणी नाचाचा उल्लेख नाही.

नृत्याचा उगम : आई सुटल्याच्या आनंदात मोकुरेन नाचू लागले आणि तोच पहिला बोन ओदोरी, असे लोक सांगतात. सूत्रात हा प्रसंग नाही. नाच रूढ झाल्यावर त्याला कारण म्हणून कथा जोडलेली दिसते. अभ्यासकांचा कल ‘नेम्बुत्सु ओदोरी’कडे आहे. अमिताभ बुद्धाचे नाव घेत, घंटा किंवा थाळी वाजवीत नाचण्याची ही पद्धत. तिचा आरंभ परंपरेने कूया (९०३–९७२) या भिक्षूकडे नेतात, पण तिला खरा प्रसार मिळाला तो इप्पेन (१२३९–१२८९) यांच्यामुळे. गावोगाव फिरणाऱ्या इप्पेन यांनी १२७९ च्या सुमारास शिनानो प्रांतात असे नृत्य सुरू केले, आणि १२९९ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या चित्रमय चरित्रपटांत नाचणाऱ्या भिक्षूंचे थवे दिसतात. नामघोष, टाळ आणि पायांचा ठेका यांतून देवाजवळ जाण्याची ही रीत वारकरी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे मुरोमाची काळात (१३३६–१५७३) भपकेदार वेशातील ‘फुर्यु’ नृत्ये, आधीची लोकगीते आणि हे नामनृत्य मिसळून आजच्या बोन ओदोरीला आकार आला असावा. शेतीतील जुन्या विधींचा वाटा किती, हे ठरवण्यास पुरेसा लेखी आधार नाही.

उद्यानात प्रवेश : मेइजी काळात (१८६८–१९१२) अनेक प्रांतांच्या अधिकाऱ्यांनी बोन ओदोरीवर बंदी घातली. रात्रभर चालणारा, तरुण स्त्री-पुरुषांना एकत्र आणणारा हा नाच त्यांना असभ्य आणि नव्या राष्ट्राला कमीपणा आणणारा वाटला. बंदी सैल झाल्यावर नाच परतला तो काहीसा नव्या रूपात, आणि त्यात उद्यानांचा मोठा वाटा आहे.

तोक्योतील हिबिया उद्यान १९०३ मध्ये खुले झाले. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकु यांनी आखलेले हे जपानमधील पहिले पाश्चात्त्य धर्तीचे नागरी उद्यान मानले जाते. मंदीच्या दिवसांत, १९३२ मध्ये, शेजारच्या मारुनोउची भागातील व्यावसायिकांच्या पुढाकाराने येथे बोन ओदोरी भरला. त्यासाठी साइजो यासो यांनी शब्द लिहिले आणि नाकायामा शिम्पेइ यांनी चाल बांधली : ‘मारुनोउची ओंदो’. पुढच्याच वर्षी शब्द बदलून तेच गाणे ‘तोक्यो ओंदो’ म्हणून ध्वनिमुद्रिकेवर आले आणि देशभर पसरले. नाच, गाणे आणि जागा या तिन्ही गोष्टी गावच्या पितरांपासून सुटल्या त्या येथे. ज्यांचे गाव दूर राहिले होते अशा शहरी माणसांना वर्तुळात शिरायला जागा मिळाली, ही या बदलाची मोलाची बाजू. ज्यांच्यासाठी नाचायचे त्या पितरांची नावे मागे पडली, ही दुसरी.

मांडणी : मैदानाच्या मध्यभागी ‘यागुरा’ हे लाकडाचे किंवा लोखंडी नळ्यांचे मचाण बांधतात. त्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड गुंडाळतात आणि वरून चारी दिशांना कागदी कंदिलांच्या माळा सोडतात. कंदिलांवर वर्गणीदारांची नावे असतात. वर ‘ताइको’ हा ढोल; चामड्यावरचा भरीव आघात ‘दोन्’ आणि कडेच्या लाकडावरचा कोरडा आघात ‘का’, अशा बोलांनी तो शिकवतात. माणसे ‘युकाता’ हा सुती किमोनो घालून, पायात लाकडी ‘गेता’ आणि कमरेला खोचलेला गोल पंखा घेऊन मचाणाभोवती फिरतात. हालचाली मोजक्याच असून पुन्हा पुन्हा येतात. नवख्याने मागच्या फेरीत उभे राहून पुढच्याचे हात पाहावेत आणि तिसऱ्या फेऱ्यात शिरावे, एवढीच तयारी लागते.

‘तांको बुशी’ हे याचे उत्तम उदाहरण. फुकुओका प्रांतातील तागावा परिसरातल्या कोळसा खाणींचे हे गाणे आज जवळजवळ प्रत्येक उद्यानात वाजते. त्याच्या नाचात दोनदा खणायचे, भरलेला बोजा दोनदा खांद्यावरून मागे टाकायचा, कपाळाशी हात धरून मागे सरत दोनदा पाहायचे, मग वाकून दोन पावले डबा ढकलायचा, हात दोन्हीकडे पसरायचे आणि टाळी. खाणी बंद पडल्या. खाण कधी न पाहिलेली मुले ते खणणे आजही अचूक करतात.

प्रादेशिक प्रकार : गिफु प्रांतातील गुजो येथे १३ ते १६ ऑगस्टच्या रात्री पहाटेपर्यंत नाचतात आणि गेतांचा खडखडाट हाच ताल होतो. अकिता प्रांतातील निशिमोनाइ येथे काही जण डोळ्यांपुरती फट असलेले काळे बुरखे घालतात. ते मृतांचे रूप मानले जाते. तेथील स्त्रियांचे ‘हानुइ’ हे वस्त्र जुन्या रेशमी तुकड्यांचे जोडून शिवलेले असते, आपल्या गोधडीसारखे. तोकुशिमाचा आवा ओदोरी वर्तुळाचा नसून मिरवणुकीचा आहे. ओकायामा प्रांतातील शिराइशी बेटावरचा नाच परंपरेनुसार बाराव्या शतकातील युद्धात पडलेल्यांसाठी आहे. हे ओकायामा मराठी वाचकांना पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे ओळखीचे असेल. ते तेथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेले आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ‘फुर्यु-ओदोरी’ या नावाने २४ प्रांतांतील ४१ नृत्ये घेतली. गुजो, निशिमोनाइ आणि शिराइशी त्यांत आहेत.

जपानबाहेर : १८८५ पासून हवाईच्या ऊसमळ्यांत गेलेल्या करारबद्ध मजुरांनी हा नाच तेथे नेला आणि उन्हाळाभर तो तेथील बौद्ध मंदिरांत चालतो. १९०८ पासून ब्राझीलमध्ये जपानी वस्ती वाढली व नाचही गेला. मलेशियात १९७७ मध्ये जपानी कुटुंबांनी सुरू केलेला महोत्सव आता शाह आलम येथे भरतो व तो जपानबाहेरील मोठ्या बोन ओदोरींपैकी एक आहे. २०२२ मध्ये या महोत्सवात अन्य धर्माचे घटक असल्याचे सांगून तेथील धार्मिक व्यवहार मंत्र्यांनी मुस्लिमांना न जाण्याचा सल्ला दिला. शाह आलम ज्या सेलांगोर राज्यात आहे तेथील सुलतानांनी महोत्सव धार्मिक नसून सांस्कृतिक असल्याचे म्हटले आणि महोत्सव त्या जुलैत ठरल्याप्रमाणे पार पडला.