नांगराचं वजन आणि साखळीची लांबी

रावेर-यावलची केळी रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये भरून न्हावाशेव्याला जातात आणि तिथून पुढे आखाती देशांकडे. सावद्याहून निघालेला डबा जहाजावर चढवताना तो खालच्या डब्याच्या चारही कोपऱ्यांवर नेमका बसवावा लागतो. जहाज हललं की क्रेनवाल्याचं काम अडलंच. म्हणजे तीनशे मीटर लांबीचं धूड पाण्यावर तरंगत असतानाही जागचं हलता कामा नये. धक्क्यावर हे काम दोरखंड करतात. नांगर लागतो तो त्याआधी, धक्का रिकामा होईपर्यंत बाहेर थांबायला.

नांगर स्वतःच्या वजनाने जहाज अडवतो, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून पाहा. मोठ्या कंटेनर जहाजाचा एक नांगर साधारण 15 ते 20 टनांचा. चांगल्या चिखलात तो आपल्या वजनाच्या तीन-चार पट ओढ सोसतो, म्हणजे फार तर 80 टन. आता जहाज वाऱ्याला आडवं झालं, तर डब्यांच्या थप्प्यांसकट 10,000 चौरस मीटरची भिंत वाऱ्यासमोर उभी राहते. सेकंदाला 15 मीटर वेगाचा वारा तिच्यावर सुमारे 135 टनांचा रेटा देतो आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. नांगरावरचं जहाज वाऱ्याकडे तोंड करून राहतं, म्हणून निभावतं.

खरी गंमत साखळीत आहे. ओढ जमिनीला समांतर लागली तर नांगराचे पंजे रुततात, वरच्या दिशेने लागली तर उखडतात. आखूड दाव्याने बांधलेलं जनावर खुंटा उपसतं, तसंच. म्हणून साखळी सढळ सोडायची. तिचं माप शॅकलमध्ये, एक शॅकल 27.5 मीटरचा. 20 मीटर खोलीत बऱ्या हवेत पाच-सहा शॅकल पुरतात, वारं वाढलं की आणखी. कडीचा गज 100 मिलिमीटर जाड असेल तर मीटरमागे वजन 220 किलोच्या आसपास, म्हणजे एका शॅकलचं सहा टन. ही साखळी तळावर लोळत पडते, झटका आला की आधी तीच उचलली जाते आणि नांगरापर्यंत धक्का पोचता पोचता विरतो.

टाकण्याची रीत ठरलेली आहे. जहाज वारा किंवा प्रवाह यांतल्या जोरकस गोष्टीसमोर आणायचं, वेग संपवायचा, इंजिन उलटं चालवून अगदी किंचित मागे सरकायला लागलं की नांगर सोडायचा. पुढे उभा असलेला अधिकारी रंगवलेल्या कड्यांवरून शॅकल मोजतो. साखळी ताणली जाऊन पुन्हा सैल पडली की नांगर धरला. खोल पाण्यात मात्र नुसता ब्रेक सोडून चालत नाही. विंडलासने, म्हणजे साखळी ओढण्या-सोडण्याच्या यंत्राने, हळूहळू उतरवला नाही, तर साखळीचा वेग इतका वाढतो की ब्रेकचं अस्तर जळतं आणि सगळी साखळी शेवटच्या टोकापर्यंत धावत जाते.

तळ खडकाळ असेल तर पंजे धरत नाहीत. नांगर घसरू लागला की साखळी थरथरते आणि किनाऱ्यावरच्या खुणांची दिशा बदलत जाते. म्हणून नांगरावर असतानाही ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, पहारा लागतो आणि इंजिन तयार ठेवावं लागतं. नांगराची सामग्री आडोशाच्या जागी तात्पुरतं थांबण्यासाठी असते, वादळाशी झुंजण्यासाठी नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात 261 जण असलेल्या पी-305 बार्जचे, म्हणजे सपाट तळाच्या तरंगत्या तराफ्याचे, नांगर टिकले नाहीत. बार्ज भरकटून बुडालं आणि अनेकांचे जीव गेले.

धक्क्याला लागताना पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, जहाजावर येतो आणि टग म्हणजे छोट्या जोरकस बोटी बाजूने रेटतात. खलाशी आधी बारीक दोरी किनाऱ्यावर फेकतात, तिला जाड दोरखंड बांधून ओढून घेतात आणि त्याचा फास बोलार्डवर, म्हणजे धक्क्यावरच्या जाड खुंटावर, चढवतात. पुढचे आणि मागचे दोर, धक्क्याशी काटकोनात जाणारे ब्रेस्ट, आणि धक्क्याला जवळपास समांतर धावणारे स्प्रिंग. ब्रेस्ट जहाजाला दूर जाऊ देत नाहीत, स्प्रिंग पुढे-मागे सरकू देत नाहीत. नवख्याला स्प्रिंग किरकोळ वाटतात, पण क्रेनचं काम त्यांच्याच जिवावर चालतं.

एकाच दिशेला पोलादी तार आणि नायलॉन मिसळणं ही मोठी चूक. तार जवळपास ताणतच नाही, त्यामुळे सगळा भार तिच्यावर येतो आणि नायलॉन नुसता शोभेला. आखूड आणि लांब दोरांचंही तसंच, आखूड आधी तुटतो. ताणलेला नायलॉन तुटला की उलटून असा फटकारतो की वाटेतला माणूस वाचत नाही. त्यामुळे भार असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नसतं. दोरखंडांची निवड, तपासणी आणि बदली यांचे आंतरराष्ट्रीय नियम 1 जानेवारी 2024 पासून कडक झाले आहेत.

बांधून झालं की काम संपलं, असं नाही. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी पाचेक मीटर चढउतार करतं, तेही दिवसातून दोनदा. आपली तापी ज्या खंभातच्या आखाताला मिळते, त्याच्या वरच्या टोकाला, भावनगरकडे, हा फरक दहा मीटरच्या आसपास जातो. शिवाय माल उतरला की जहाज वर येतं, चढला की खाली बसतं. दोर तसेच ठेवले तर एका वेळी ताणून तुटतात, दुसऱ्या वेळी ढिले पडून जहाज धक्क्यावर आपटतं. म्हणून पाळीवरचा खलाशी विंचवर, म्हणजे दोर गुंडाळण्याच्या यंत्रावर, दोर घेत-सोडत राहतो आणि प्रत्येक दोरावर गोल पत्रा आहे ना, हेही पाहतो. तो उंदरांना अडवण्यासाठी असतो.