सरकारी कर्मचाऱ्यांच्या ताणाची पाहणी करायची आहे? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

कर्मचाऱ्यांच्या हातात प्रश्नावली देण्याआधी साधारणपणे दोन ठिकाणी अर्ज करावा लागतो. एक आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीकडे, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांना त्रास होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीकडे, आणि दुसरा त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे. अनेकांचे घोडे इथेच अडते. समिती म्हणते कार्यालयाचे पत्र आणा, कार्यालय म्हणते समितीची मंजुरी दाखवा. अशा वेळी कार्यालयाकडून ‘समितीने मंजुरी दिल्यास हरकत नाही’ एवढेच पत्र आधी मागून घ्या. ते समितीच्या अर्जाला जोडा आणि मंजुरी आली की तिची प्रत लावून अंतिम परवानगी मिळवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. मधेच अधिकाऱ्याची बदली झाली, तर शिक्क्याची पोचच कामाला येते.

अर्ज विद्यार्थी करत असेल तर मार्गदर्शकाची सही हवी. प्राध्यापक किंवा खुद्द विभागही अर्ज करू शकतो. उत्तरे कोणाची घ्यायची हे मात्र आराखड्यात आधीच ठरवावे लागते: किमान सेवा किती, दीर्घ रजेवरचे धरायचे का, कंत्राटी घ्यायचे का. कंत्राटी आणि खालच्या श्रेणीतले कर्मचारी वगळू नका, हा माझा आग्रह आहे. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा दुसरा व्हाइटहॉल अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असे त्यात दिसले. फक्त अधिकाऱ्यांना विचारले असते तर हे कळलेच नसते.

जोडायची कागदपत्रे अशी: संशोधन आराखडा, संस्थेचे पत्र, ओळखपत्र, संमतीपत्राचा नमुना, कर्मचाऱ्यांच्या भाषेतली प्रश्नावली, गरज असेल तिथे ती वापरण्याची लेखी परवानगी आणि भरलेले कागद कुठे, किती काळ ठेवणार याची हमी.

प्रश्नावली निवडताना ती कोणत्या काळाबद्दल विचारते ते पाहा. कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची ताणमापनी गेल्या महिन्याबद्दल विचारते. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत ० ते ४० गुण असतात. चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा प्रश्न सकारात्मक असल्याने त्यांचे गुण उलटे मोजायचे, म्हणजे ० ला ४, १ ला ३ असे. हे विसरले की सगळी बेरीज चुकते. घरच्या आयुष्यातला ताण पाहायचा असेल तर होम्स आणि राही यांची १९६७ ची ४३ घटनांची यादी आहे. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, पण लग्नालाही ५० आणि निवृत्तीला ४५ आहेत. आनंदाचा बदलही माणसाला ताण देतो. या गुणांवरून कोणाला आजार आहे असे मात्र ठरवता येत नाही. ते काम डॉक्टरांचे.

सगळ्यात जास्त वेळ संमतीपत्रावर घालवा. भाग घेणे ऐच्छिक आहे, मधेच थांबता येते आणि नकार दिल्याने नोकरीवर परिणाम होणार नाही, हे त्यात साध्या भाषेत हवे. एका कार्यालयात मी गेले तेव्हा भरलेले कागद गोळा करण्याचे काम साहेबांच्या स्वीय सहायकाकडे दिले होते. एका लिपिकबाईंनी माझ्यासमोर ‘नेहमी’वरची खूण खोडली, ‘कधीच नाही’वर केली आणि कागद घडी घालून दिला. त्या दिवसाचे सगळे कागद मी बाद केले. तेव्हापासून कुलूपबंद पेटी ठेवते. संमतीपत्र वेगळ्या पाकिटात घेते, म्हणजे सही आणि उत्तरे एकत्र येत नाहीत.

नाव न विचारूनही माणूस ओळखू येतो, हेही लक्षात ठेवा. पन्नाशीपुढची एकच महिला लेखापाल असेल, तर वय, लिंग आणि पद मिळून तिचे नावच होते. म्हणून वयाचे मोठे गट करा आणि लहान गटांचे आकडे अहवालात वेगळे दाखवू नका. कार्यालयाला फक्त एकत्रित निष्कर्ष मिळतील, भरलेली प्रश्नावली नाही, हे परवानगीच्या अर्जातच लिहून ठेवा. मागाहून कोणी कागद मागितले तर तेच वाक्य दाखवता येते. आणि उत्तरे देताना कोणी फारच खचलेले दिसले तर त्यांना कोणत्या समुपदेशकाकडे पाठवणार, तेही आराखड्यात हवे. समिती ते विचारतेच.